अर्धा दिवस, पूर्ण विद्यार्थी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या पालक-शिक्षक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या वर्षात शाळेच्या यशाचा आढावा घेण्याची प्रथा आहे आणि ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मी त्याची पुनरुक्ती करणार नाही. फक्त एका गोष्टीचे स्मरण करून देते. पोलाद कारखान्यातील नोकरीसाठी आपला मुलूख सोडून भिलाईच्या सेक्टरांत राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना येथे शाळा मिळत नव्हत्या असे नाही. शाळा होत्या, परंतु त्यांची भाषा आपल्या लहान मुलांना परकी होती. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांना मानवेल अशी शाळा उभी केली. ज्या शाळेचा जन्मच अशा विचारातून झाला, तिने साठ वर्षांनंतर आणखी एका प्रकारच्या मुलाचा विचार करावा, असे मला वाटते. या मुलाला शाळेची भाषा समजते. मात्र शाळेचा टोल, गर्दी, घाई आणि सलग पाच तास त्याला सोसत नाहीत. मी स्वमग्न मुलाविषयी बोलते आहे. त्याने दिवसाचा काही भाग शाळेत आणि उरलेला भाग घरी शिकावा, ही व्यवस्था कशी करावी आणि ती करताना कोणता धोका टाळावा, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दाविषयी. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ऑटिझम हा शब्द घडविला, आणि मराठीत त्याला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही अवस्था स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. मराठी शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवाही आहे. हे मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला इतरांची गरज नाही, असा त्यातून समज होतो. अनुभव निराळा आहे. पुष्कळदा बाहेरचे जगच त्याच्यावर चहूकडून आदळत असते. पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातील पाढे, बाक सरकल्याचा आवाज, गणवेशाच्या कॉलरचा टोचणारा काठ, हे सारे त्याला एकाच वेळी आणि सारख्याच जोराने जाणवते. आपण ज्याला हट्ट म्हणतो, तो अनेकदा असह्य झालेल्या मुलाचा आक्रोश असतो. हे एकदा ध्यानात आले की अर्ध्या दिवसाच्या शाळेमागील कारणही ध्यानात येते. मुलाची बुद्धी दोन तासांत संपत नाही. त्याची सोसण्याची शक्ती संपते.

दुसरी गोष्ट घराविषयीची आहे. कॅनर यांच्यानंतरच्या काळात पाश्चात्त्य देशांत एक क्रूर समजूत पसरली, की आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते. अनेक मातांनी हा कलंक वर्षानुवर्षे वाहिला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, आपल्या ग्रंथातून या मताला सप्रमाण आव्हान दिले. पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी तर चक्र पूर्ण उलटे फिरविले. आई-वडील हे आजाराचे कारण नसून उपचारातील सहकारी आहेत, असे मानून त्यांनी काम उभारले, आणि १९७२ मध्ये ते त्या राज्याच्या अधिकृत कार्यक्रमात रूपांतरित झाले. चित्रांचे वेळापत्रक, ठरलेली जागा, एका वेळी एकच काम, या ज्या पद्धती आज आपण वापरतो त्यांचा प्रसार मुख्यतः तेथून झाला. हा इतिहास मी मुद्दाम सांगते, कारण हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत 'तिने लहानपणी लक्ष दिलं नाही, मोबाइल देऊन बसवलं' असे उद्गार अजून ऐकू येतात. विज्ञानाने अर्ध्या शतकापूर्वी मागे घेतलेला आरोप आपण पुन्हा दाखल करू नये.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला नजीकच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण घेण्याचा अधिकार या कायद्याने दिला आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्यायही मिळाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा पर्याय कायम ठेवला आणि घरी शिकणाऱ्या मुलाला इतरांच्या बरोबरीचेच मानावे असे सांगितले. म्हणजे एका टोकाला पूर्ण शाळा आहे आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण घर आहे. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो मधला रस्ता शाळा, पालक आणि तज्ज्ञ यांनी एकत्र बसून, लेखी स्वरूपात आखावा लागतो.

हा रस्ता आपल्या परंपरेला अगदीच अनोळखी आहे असे मात्र नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला आहे, त्याचे मूळ तेथे आहे. ताराबाईंनी ज्या माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले, तिच्या प्रणेत्या मारिया माँटेसरी यांनीही आपल्या कार्याचा प्रारंभ रोममधील मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांपासून केला होता. मुलाला जेथे शिकता येते तेथे शाळेने जावे, हा विचार मराठी शिक्षणाच्या घरचाच आहे.

आपल्या शाळेत गेल्या पाच वर्षांपासून असा एक विद्यार्थी आहे. पालकांच्या अनुमतीने, परंतु नाव न घेता, त्याच्याविषयी सांगते. तो दुसरीत आला, आज सहावीत आहे. आधीच्या शाळेने 'याला सांभाळणे आम्हाला शक्य नाही' असे सांगितले होते. आम्ही प्रथम त्याला रोज ४५ मिनिटे बोलावले. शाळा साडेसातला भरते. परिपाठाचा गोंगाट आणि टोलाचे ठोके आटोपल्यावर, साडेआठला, तो येई. हे ४५ मिनिटांचे गणित आम्ही त्याच्याकडूनच शिकलो. तो तासभर बसू शकत होता, म्हणून आम्ही पाऊण तासावर थांबलो. थकून, रडून घरी जाणारे मूल दुसऱ्या दिवशी शाळेला भिते; आनंदात असतानाच घरी गेलेले मूल पुन्हा येऊ इच्छिते. दर दोन-तीन महिन्यांनी ही वेळ थोडी वाढत गेली. आज तो सोमवार ते शुक्रवार तीन तास शाळेत असतो. शनिवारी वाचाउपचार आणि व्यवसायोपचार असतात.

कोणते तास शाळेत आणि कोणते घरी, हा खरा कळीचा प्रश्न आहे. सर्वसाधारण कल्पना अशी असते, की महत्त्वाचे विषय शाळेत शिकवावे आणि चित्रकला, खेळ वगैरे घरी. आम्ही नेमके उलट केले. गणितातील भागाकार घरी, शांत खोलीत, आईजवळ अधिक चांगला होतो. परंतु रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याच्या डब्यातील पदार्थ न मागता न घेणे, गटात चित्र रंगविणे, या गोष्टी घरी कितीही प्रयत्न केला तरी शिकविता येत नाहीत. त्यांना चाळीस मुलांचा वर्गच हवा. म्हणून चित्रकला, परिसर अभ्यासाचे प्रयोग, गोष्टीचा तास आणि ग्रंथालय शाळेकडे आले. मधली सुट्टी मात्र आम्ही सर्वांत शेवटी, दोन वर्षांनी जोडली. इतर मुलांना जी सर्वांत प्रिय, तीच त्याला सर्वांत कठीण होती, कारण त्या वेळेत काय घडेल हे कोणीच आधी सांगू शकत नाही.

दोन ठिकाणच्या शिक्षणाला जोडणारी एक साधी वही आहे. दप्तरातून रोज घरी जाते, रोज परत येते. वर्गशिक्षिका तीत तीन ओळी लिहितात : आज काय केले, काय आवडले, कशाने त्रास झाला. आई तीन ओळी लिहून पाठविते : झोप कशी झाली, काय खाल्ले, काल घरी काय शिकलो. या वहीचा उपयोग किती आहे याचे एक उदाहरण देते. काही आठवडे तो सकाळी फार अस्वस्थ असे आणि काही आठवडे अगदी शांत. शाळेत कारण सापडेना. वही चाळताना वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले, की वडिलांची पाळी बदलली की मुलाचे वागणे बदलते. सहाची पाळी, दोनची पाळी, रात्रीची पाळी : कारखान्याच्या या गावात आपण सर्वजण पाळीच्या हिशेबानेच जगतो आणि त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. पण रोज सकाळी दिसणारे बाबा आज घरी का नाहीत, हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. तेव्हा घरच्या चित्रांच्या वेळापत्रकात आणखी एक चित्र आले, निळ्या हेल्मेटचे. ते सकाळच्या रकान्यात आहे की रात्रीच्या, हे तो रविवारी स्वतः पाहून लावतो. बाबांची पाळी आजही बदलते. पण आता ती त्याला आधी कळते.

घराच्या वाट्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. गृहशिक्षण म्हणजे जेवणाच्या टेबलावर मांडलेली दुसरी शाळा नव्हे. भाजी निवडताना वर्गीकरण होते, पोळ्या मोजताना अंक येतात, कपड्यांच्या घड्या घालताना डावे-उजवे कळते, किराणा दुकानातून एक वस्तू आणताना पैसे आणि संभाषण दोन्ही येतात. या मुलांच्या बाबतीत अशा कामांचे मोल पाठ केलेल्या धड्यापेक्षा अधिक आहे, कारण पुढील आयुष्यात त्यांना स्वावलंबन हवे आहे. वर्गात शिकलेली गोष्ट घरी आणि घरी शिकलेली वर्गात वापरता येणे, हेच या मुलांना अवघड जाते. ती दोन्ही ठिकाणी करून घेतली तर ती पक्की होते. अर्ध्या-अर्ध्या व्यवस्थेचा मोठा लाभ मला हाच दिसतो.

भाषेविषयी मी अधिक आग्रहाने बोलणार आहे, कारण तो आपल्या शाळेचा प्राण आहे. आपल्या मुलाच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवाल्या मावशीशी छत्तीसगढी आणि फलकांवर इंग्रजी असते. मूल उशिरा बोलू लागले की पहिला सल्ला येतो : 'मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा.' ती एक भाषा बहुधा आई-वडिलांची नसते. मग आजी नातवाशी बोलायची थांबते, आई अडखळत हिंदी किंवा इंग्रजी बोलू लागते आणि आधीच कमी असलेला संवाद आणखी आटतो. अलीकडच्या अभ्यासांत, द्विभाषिक वातावरणात वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची भाषा केवळ त्या कारणाने अधिक मागे पडते असे आढळलेले नाही. ज्या भाषेत आई सहज रागावते, लाडावते आणि गाणे म्हणते, तीच मुलाशी बोलण्याची भाषा असावी. शाळा आणि घर यांनी मात्र शब्द एकच वापरावेत. शाळेत 'वही काढ' आणि घरी 'कॉपी निकाल' झाले तर मुलाला ती दोन निराळी कामे वाटतात.

आपल्या गोड मायबोलीतही या मुलांसाठी काही खाचखळगे आहेत. 'डोकं खाऊ नकोस', 'पोटात कावळे ओरडताहेत', 'तोंड सांभाळून बोल' ही वाक्ये तो शब्दशः घेतो आणि घाबरतो. 'पाणी हवं का तुला?' असे तो स्वतःच म्हणतो तेव्हा तो प्रश्न विचारत नसतो, पाणी मागत असतो. आपण जे वाक्य त्याच्याशी बोललो, तेच तो जसेच्या तसे परत देतो. आणि 'जरा थांब' यातील 'जरा' किती मोठा, हे कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही. आमच्या बाई आता 'जरा' म्हणत नाहीत; वाळूचे घड्याळ उलटे करून ठेवतात. गंमत अशी, की त्या वर्गातील इतर मुलेही त्यामुळे अधिक शांत बसू लागली आहेत.

येथवर मी या व्यवस्थेचे लाभ सांगितले. आता तिचा धोका सांगते, आणि आजच्या भाषणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. अर्धवेळ शाळा ही मुलाला सौम्य शब्दांत बाहेर काढण्याची युक्ती होऊ शकते. 'त्याला त्रास होतो, अकरालाच घेऊन जा', 'उद्या तपासणी आहे, उद्या नको', 'स्नेहसंमेलनात आवाज फार असतो, घरीच राहू द्या'. प्रत्येक वाक्य काळजीचे वाटते, आणि अशी वीस वाक्ये एकत्र आली की मूल हजेरीपटावर उरते, वर्गात उरत नाही. म्हणून आपण काही कसोट्या ठरविल्या आहेत. वेळ कमी केली ती मुलाच्या शिकण्यासाठी, की आपल्या सोयीसाठी? ती पुन्हा वाढविण्याचा विचार कोणत्या तारखेला होणार, हे लिहून ठेवले आहे काय? तो नसतानाही त्याचा बाक, त्याचा खण, त्याची वही वर्गात आहे काय? वर्गाच्या छायाचित्रात, सहलीत, प्रगतिपुस्तकांच्या गठ्ठ्यात तो आहे काय? आणि घरी केलेल्या अभ्यासाला शाळा अभ्यास मानते काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर त्या व्यवस्थेला शिक्षण म्हणू नये.

त्याच्या वर्गातील एक रिवाज सांगते. फळ्यावर वार आणि दिनांक लिहिणे हे त्याचे काम आहे. शाळा साडेसातला भरत असली तरी त्या वर्गाच्या फळ्यावरील वरचा कोपरा साडेआठपर्यंत रिकामाच असतो. मुलांनी ते आपणहून ठरविले. एकदा बदली शिक्षिकेने सवयीने दिनांक लिहिला, तर मुलांनी तो पुसायला लावला. ही मुले त्याच्यावर उपकार करीत नाहीत. त्याचे काम त्याने करायचे, एवढेच त्यांना ठाऊक आहे. समावेशक शिक्षणावर मी अनेक प्रशिक्षणे घेतली. ते वर्गात असे दिसते.

या साऱ्याची किंमत मात्र एका व्यक्तीला मोजावी लागते, आणि ती म्हणजे आई. या व्यवस्थेसाठी त्या मुलाच्या आईने आपली नोकरी सोडली आहे. तिला आपण शिक्षिका केले, उपचारतज्ज्ञ केले, सारथी केले. या धांदलीत तिचे आईपण हरवू नये. आठवड्यातून दोन दुपारी तरी तिला मोकळीक मिळावी, हे आजी-आजोबा, काका-मावशी आणि शेजारी यांचे काम आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला हे कुटुंब आले आणि मूल मध्येच ओरडले, तर माना वळवू नका. ढोल-ताशांपासून दूर एक शांत खोली त्याच्यासाठी उघडी ठेवा. एवढ्याने ते कुटुंब पुढच्या वर्षी गणपतीला पुन्हा येईल.

पालकांपैकी कोणाला आपल्या मुलाविषयी शंका असेल, तर लोकलाजेने वेळ घालवू नका. रायपूरचे एम्स आपल्यापासून दूर नाही. राजनांदगावला दिव्यांगजनांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. प्रमाणपत्रासाठी भारतीय परिस्थितीत तयार झालेली ४० मुद्द्यांची मापनश्रेणी वापरली जाते. प्रमाणपत्र म्हणजे मुलावरचा शिक्का नव्हे. त्याच्या हक्काचा तो कागद आहे. आठवीनंतर उपस्थितीचे आणि मंडळाच्या परीक्षेचे नियम कडक होतात, तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग खुला असतो. तेथे माध्यमिक परीक्षा मराठीतूनही देता येते आणि विषय पाच वर्षांत, एकेक करून पूर्ण करता येतात. तेव्हाही मुलाने ग्रंथालयासाठी, खेळासाठी, मित्रांसाठी आपल्या शाळेत यावे, अशी सोय शाळा समितीने करावी, ही माझी या व्यासपीठावरून नम्र विनंती आहे.

आपली पटसंख्या पूर्वीसारखी नाही, हे सर्वजण जाणतात. इंग्रजी माध्यमाच्या ओढीत मराठी शाळा टिकतील काय, असा प्रश्न या महोत्सवात अनेकांनी विचारला. त्याचे एक उत्तर मला असे दिसते. लहान वर्ग, मुलाला नावाने ओळखणारे शिक्षक आणि घराची भाषा या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत, आणि ज्या मुलांना मोठ्या शाळांत जागा नाही त्यांना नेमक्या याच तीन गोष्टी हव्या आहेत. अशी मुले आली तर शाळेचा दर्जा घसरेल, अशी भीती काही पालकांनी माझ्याजवळ व्यक्त केली आहे. त्यांना माझे आदरपूर्वक सांगणे आहे, की सहावीचा तो वर्ग एकदा येऊन पाहा, साडेआठच्या आधी या आणि थोडा वेळ बसा.

पुढील शैक्षणिक वर्षात अशा आणखी दोन विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचे अर्ज शाळेकडे आले आहेत. एका विशेष शिक्षकाची नेमणूक आणि एका शांत खोलीची व्यवस्था झाल्यास आपण त्यांना घेऊ शकू. माजी विद्यार्थ्यांनी हीरक महोत्सव निधीतून काय उभारावे अशी विचारणा केली होती. प्रवेशद्वारावरील कमानीआधी या खोलीचा विचार व्हावा, असे मी सुचविते.